नोंदवहीत नसलेला बदल

सोमवार, दिनांक २ नोव्हेंबर २०४३. सकाळचे सहा वाजून बारा मिनिटे. यंत्र एकतिसाव्यांदा बंद पडले.

शरयू तेव्हा "अहो, चहात आलं" एवढेच बोलली होती. आले घालायचे होते की आले जास्त झाले होते, ते राहून गेले. डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला आणि पडद्यावर ३१ हा आकडा उमटला. मी घड्याळ पाहून वेळ नोंदवहीत लिहिली, मगच तिच्याकडे वळलो. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, कंटाळा होता. राग परवडला असता.

शरयूला स्नायूंचा आजार आहे. हातपाय गेले, मग जीभ आणि ओठ गेले. डोळे शाबूत आहेत. एकोणीस वर्षे ती सांगलीच्या टेलिफोन कार्यालयात ऑपरेटर होती. दिवसभर लोकांचे आवाज एकमेकांना जोडून देणाऱ्या बाईचा स्वतःचा आवाज जावा, यावर तिनेच पहिला विनोद केला होता : "आता मी कायमची एंगेज."

तिच्या खाटेशेजारी जे यंत्र आहे त्याला 'स्वरवाहक' म्हणतात. ती त्याला डबा म्हणते. त्याचे कार्य समजण्यास अवघड नाही. आपण बोलण्याचा नुसता विचार केला तरी घशातील स्नायूंकडे अतिसूक्ष्म विद्युत्संकेत जातात. शब्द उमटला नाही तरी संकेत उमटतो. गळ्यावर चिकटवलेली पट्टी तो टिपते, डब्यातील संगणक त्याचा अर्थ लावतो आणि जुन्या ध्वनिमुद्रणांतून घडवलेल्या तिच्याच आवाजात वाक्य उच्चारतो. मात्र प्रत्येक घशाची लकब निराळी असते. शरयूची लकब शिकायला यंत्राला चौदा महिने लागले. ही २०३८ सालची गोष्ट. त्या शिकण्याचा आराखडा मेमरीच्या एका बोटभर लांब पट्टीत साठवलेला आहे. त्याची प्रत काढता येत नाही. माणसाच्या न उच्चारलेल्या बोलण्याची प्रत कोणालाही मिळू नये असा कायदा आहे, आणि तो योग्यच आहे.

त्याच कायद्यात दुसरे कलम आहे. यंत्राने माणसाच्या तोंडी चुकीचा शब्द घालता कामा नये. म्हणून स्वरवाहक दर क्षणी स्वतःची मेमरी तपासतो आणि तिच्यात एका बिंदूचीही चूक आढळली तर बोलण्याऐवजी बंद पडतो. असे पन्नास वेळा झाले की तो आराखडा अविश्वसनीय ठरवून आपोआप पुसून टाकतो.

पुसला तर पुन्हा शिकवता येईल का, असे मी डॉक्टरांना विचारले होते. त्यांनी आलेख दाखवला. शरयूच्या घशातील संकेत २०३८ च्या मानाने एक षष्ठांश उरले होते. जुना आराखडा ते कसेबसे ओळखत होता. कोऱ्या यंत्राला ते ऐकूसुद्धा आले नसते.

म्हणजे हातात एकोणीस वेळा होत्या. एकोणिसावी धरून चालणार नव्हते.

मी मिरजेच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेतली आणि पुढे चौतीस वर्षे तांत्रिक विद्यालयात यंत्रदुरुस्ती शिकवली. दोष शोधण्याचा एकच नियम मी विद्यार्थ्यांना दिला : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदल लिहून ठेवा. पण या डब्यापुढे नियमाची पंचाईत होती. अधूनमधून उद्भवणारा दोष शोधायचा तर तो पुन्हा घडू द्यावा लागतो, आणि येथे घडू दिलेला प्रत्येक दोष शरयूच्या आवाजातून वजा होत होता.

पहिला संशय विजेवर. डबा घरच्या विजेवरून काढून बॅटरीवर घेतला. तीन दिवसांत तीन वेळा बंद पडला. चौतीस. वीज निर्दोष.

दुसरा संशय उष्णतेवर. झाकण काढून पंखा लावला, तापमापक ठेवला. दोन वेळा बंद पडला, तोही एकोणतीस अंशांवर. दुपारी एकेचाळीस अंश झाले तरी बिनतक्रार चालला. छत्तीस. तापल्यावर बिघडणारी यंत्रे मी शेकडो पाहिली होती. तापल्यावर सुधारणारे हे पहिलेच.

मग सेवाकेंद्राला दूरध्वनी केला. पलीकडची मुलगी अतिशय नम्र होती.

"सर, आमच्याकडे प्रोग्रॅमचा दोष दिसतोय. मी नवीन प्रोग्रॅम पाठवते."

"दोष फक्त सकाळी येतो. प्रोग्रॅमला सकाळ कळते का?"

"सर, मी नवीन प्रोग्रॅम पाठवते."

पाठवला. चार वेळा बंद पडला. चाळीस.

"तिला विचारा," शरयू त्या दुपारी म्हणाली, "माझ्या जागी नवीन बायको पाठवता येते का. वॉरंटीसकट."

मी हसलो नाही. मी वहीत रेघा मारत होतो.

"मास्तर, माझ्याकडे बघून बोला कधीतरी. डब्याकडे बघून काय बोलता?"

"आवाज तिकडून येतो."

"मी इकडे आहे."

पुढच्या दिवशी मी मेमरीची पट्टी काढली आणि तिच्या सोनेरी टोकांवर खोडरबर फिरवले. ही जुनी, साधी, खात्रीची युक्ती आहे. टोकांवरचे किटण निघते. त्यानंतर दोन दिवस आणि दोन रात्री डबा एकदाही थांबला नाही. तिसऱ्या सकाळी सहा वाजता थांबला, पुन्हा साडेसहाला. बेचाळीस.

ऋजुता, आमची मुलगी, कोल्हापूरला असते. ती रोज सायंकाळी दूरध्वनी करून फक्त आकडा विचारू लागली होती. बेचाळीस ऐकल्यावर तिने दूरध्वनी ठेवला नाही.

"बाबा, आता बंद करून ठेवा. मी नवीन यंत्र बघितलंय. डोळ्यांवर चालतं. तयार वाक्यं असतात, आईनं नुसती निवडायची."

"तयार वाक्ये कोणाची?"

"सगळ्यांची. 'पाणी हवं', 'दुखतंय', 'धन्यवाद'."

"तुझी आई गेल्या पंचेचाळीस वर्षांत मला धन्यवाद म्हणालेली नाही."

"विनोद नका करू. तो तिचा प्रांत आहे."

वहीतील वेळा मी पुन्हा मांडल्या. पहाट, दव, स्नानगृहातील वाफ. भिंतीवर आर्द्रतामापक टांगला. हवेतील ओलावा ऐंशी टक्क्यांच्या वर गेला की डबा थांबत होता. ऊन चढले, आतील भाग तापून कोरडा झाला की चालत होता. मला दिशा सापडली होती. परंतु दिशा म्हणजे पुरावा नव्हे. शिक्षकाला पुरावा लागतो. रविवारी भर दुपारी, ओलावा चोपन्न टक्के असताना, मी पातेल्यात पाणी उकळले आणि ते डब्याजवळ धरले. नव्वद सेकंदांत लाल दिवा. यंत्र कोरडे केले, पुन्हा वाफ दिली, पुन्हा लाल. एकदा योगायोग, दोनदा शंका, तीनदा सिद्ध. तिसऱ्या खेपेला मी पातेले उचलले तेव्हा दारात ऋजुता उभी होती. तिच्या हातातली पिशवी तशीच जमिनीवर बसली.

"काय करताय तुम्ही?"

"थांब. नव्वद सेकंद."

लाल. पंचेचाळीस.

"सिद्ध झाले," मी म्हणालो. "दोष ओलाव्याचा आहे."

"तुम्ही मुद्दाम बंद पाडलंत? तीन वेळा?" ती माझ्या जवळ आली. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "तुम्हाला आईचा आवाज हवाय, की तुमचं उत्तर बरोबर यायला हवंय?"

माझ्या हातातले पातेले अजून गरम होते. ते कोठे ठेवावे हे मला सुचेना. शरयूचा डबा बंद होता, त्यामुळे तीही काही म्हणू शकत नव्हती. ती आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली. खोलीत तिघे होतो आणि सर्वांत बोलकी व्यक्ती मुकी होती.

त्या दिवसापासून डबा फक्त अकरा ते चार चालवायचा असे ठरले. ऋजुताने रजा घेतली. ती चार वाजायच्या आत आईशी घाईघाईने बोलून घेई. पाहुणे निघताना दारात बोलतात तसे. मी दोघींपासून दूर बसून घड्याळ पाहत असे. परंतु आत जे काही होते ते वाढत होते. मंगळवारी दुपारी एकदा बंद. बुधवारी दोनदा, ओलावा साठच्याही खाली असताना. अठ्ठेचाळीस.

गुरुवारी आम्ही त्याला हातच लावला नाही. शुक्रवारी, वीस तारखेला, बारा वाजता ऋजुता म्हणाली, "आई, फक्त दोन मिनिटं. तुला काही सांगायचं असेल तर." मी नको म्हणालो. शरयूने डोळे दोनदा मिटले. ही तिची 'हो'ची खूण. मी कळ दाबली.

"ऋजू, जेवलीस का?" शरयू म्हणाली. आवाज स्वच्छ होता. मग तिने नजर माझ्याकडे वळवली. "अहो, दोन दिवस आठवतेय मी. तुम्ही त्या दिवशी..."

लाल दिवा. ४९.

मी डब्याची वायर काढून ठेवली. बंद यंत्र काही पुसत नाही. पुन्हा सुरू करून ते एकदा जरी थांबले, तर मात्र सर्व संपणार होते.

"कोणत्या दिवशी, आई?" ऋजुताने भिंतीवरचा अक्षरतक्ता खाली घेतला. ओळ वाचायची, डोळे मिटले की थांबायचे, मग त्या ओळीतील अक्षरे, मग काना-मात्रा. तीन शब्दांना अकरा मिनिटे लागली. शब्द असे होते : वहीत नाही ते.

मला राग आला, हे मान्य केले पाहिजे. माझ्या वहीत नाही असे काय होते? जून महिन्यापासूनचा प्रत्येक बदल तीत होता : पंख्याची सफाई, गळ्याची नवी पट्टी, पंधरा सप्टेंबरला टेबल चार इंच सरकवले तेदेखील. मी पाने उलटून शरयूला दाखवू लागलो. तिने डोळे मिटून घेतले, दोनदा नव्हे, तर कंटाळलेला माणूस मिटतो तसे.

तेव्हा ऋजुताने मला न विचारता मुबारकला दूरध्वनी केला. मुबारक तांबोळी माझा जुना विद्यार्थी. वय पन्नास, मिरजेत उपकरणदुरुस्तीचे दुकान. मी त्याला आधीच का बोलावले नाही, याचे उत्तर माझ्याजवळ आहे, पण ते भूषणावह नाही. ज्याला आपण शिकवले त्याला विचारायचे कसे, एवढेच ते उत्तर.

तो तासाभरात भिंगयंत्र घेऊन आला. "काकू, डब्याचा संप मोडायला आलोय," असे शरयूला सांगून त्याने झाकण काढले.

"टोके मी खोडरबराने साफ केली आहेत," मी म्हणालो.

"पट्टीची केलीत, सर. खाचेचं काय? पट्टी बसते ती खाच?"

खाचेत माझी नजर पोहोचत नव्हती, म्हणून मी तेथे पाहिलेच नव्हते. मुबारकने भिंग खाचेवर धरले आणि दिवा जवळ ओढला. मग भिंग हाताने तसेच धरून तो जरा संकोचाने म्हणाला, "सर, आत लाल काहीतरी आहे."

"गंज असेल."

"गंज इतका लाल नसतो. आणि सोन्याला कुठला गंज? हे दळल्यासारखं बारीक आहे. ओलं होऊन सुकलेलं. आणि..." त्याने चिमट्याने खाचेच्या कडेचा एक कण उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला. "हा तांदळाचा तुकडा."

अक्षता.

बारा ऑक्टोबर, खंडेनवमी. वडिलांपासूनचा शिरस्ता आहे. ज्या यंत्रावर घर चालते त्याची त्या दिवशी पूजा. विद्यालयात चौतीस वर्षे मी प्रत्येक लेथला, ड्रिलला, ऐरणीला हळदीकुंकू लावले. लोखंडाला त्याने काही होत नाही. यंदा मी स्नान करून डब्यासमोर उभा राहिलो, ओले कुंकू बोटाने वरच्या जाळीवर लावले, अक्षता वाहिल्या, फुलाने पाणी शिंपडले. हा बदल आहे, असे माझ्या मनातही आले नाही. बदल आपण यंत्रात करतो. पूजेने यंत्रात काही बदलते असे मी कधी मानलेच नव्हते. म्हणून ती वहीत नव्हती.

विज्ञान सरळ होते. कुंकू म्हणजे हळद आणि चुना, वर बाजारी कुंकवातील क्षार. कोरडे असताना ते वीज वाहून नेत नाही. हवेतील ओलावा शोषला की नेऊ लागते. खाचेतील दोन टोकांमध्ये अर्ध्या मिलिमीटरचेही अंतर नसते. ओल्या कणांवरून एका टोकाची वीज किंचितशी शेजारी झिरपे, एकाच्या जागी शून्य वाचले जाई आणि डबा प्रामाणिकपणे थांबे. हवेतील ओल आणि क्षार मिळून हळूहळू मुलाम्याखालचा धातूही खात होते. म्हणून अखेरीस भर दुपारीही तेच.

"शरयू," मी म्हणालो. "पूजा?"

तिने डोळे दोनदा मिटले. मग पुन्हा दोनदा.

ऋजुता काही तरी तिखट बोलेल असे मला वाटले. तिने फक्त माझ्या हातातून वही घेतली, बारा ऑक्टोबरची रिकामी जागा शोधली आणि तेथे स्वतःच्या अक्षरात लिहिले : हळदीकुंकू, अक्षता, पाणी.

मुबारकने खाच स्पिरिटने चार वेळा धुतली, भिंगाखाली एकेक टोक घासले, साठ वॅटच्या दिव्याखाली दोन दिवस वाळवली. त्याच्याकडे भंगारात आलेल्या एका स्वरवाहकाची कोरी पट्टी होती. ती आमच्या खाचेत बसवून त्याने डबा सुरू केला. पहाटे चालवला, वाफेत चालवला. सलग चार दिवस तो थांबला नाही.

"खाच शंभर टक्के ठीक," मुबारक म्हणाला. मग माझ्याकडे पाहून थांबला. पुढचे वाक्य मीच त्याला वर्गात शिकवले होते.

"पण पट्टीबद्दल सांगता येत नाही," मी ते पूर्ण केले. "एकोणपन्नास वेळा झिरपलेल्या विजेने तिच्या आत काही दुखावले असेल, तर ते सुरू केल्यावरच कळेल."

"मग सुरू करायचीच नाही," ऋजुता म्हणाली. "पट्टी कपाटात राहू दे. पाच वर्षांनी कोणी प्रत काढायची युक्ती शोधेल. कायदा बदलेल. निदान आहे तरी. आई, मी चुकतेय का?"

शरयू तिच्याकडे पाहत राहिली. मला प्रथमच जाणवले की या तीन-चार आठवड्यांत आम्ही दोघांनी मिळून तिच्या आवाजाचे पुष्कळ निर्णय घेतले होते. वीज, उष्णता, वाफ, अकरा ते चार. एकही तिला विचारून नव्हे. मी अक्षरतक्ता घेतला आणि खाटेच्या या बाजूला, तिच्या समोर बसलो.

"सुरू करायचे की ठेवून द्यायचे?"

तिने लिहवले : सुरू.

"आई, नीट विचार कर."

पुन्हा ओळी, पुन्हा अक्षरे. कपाटात मी नाही.

ऋजुताने मान वळवली. मी विचारले, "दुपारी करू? ओलावा कमी असतो."

तिने एक शब्द लिहवला : सकाळी. त्यानंतर, मी तक्ता खाली ठेवत असताना, डोळ्यांनी मला थांबवून आणखी एक : सहा बारा.

ज्या हवेत ते सर्वांत आधी मरेल त्याच हवेत पाहायचे. चौतीस वर्षे शिकवूनही इतका सरळ विद्यार्थी मला मिळाला नव्हता.

शनिवार, अठ्ठावीस नोव्हेंबर. बाहेर धुके, मापकावर एक्याण्णव टक्के. मुबारक पहाटेच आला होता. पट्टी त्याने बसवली. ऋजुता आईचा तळवा धरून बसली. सहा वाजून बारा मिनिटांनी मी कळ दाबली आणि, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा, डब्याकडे न पाहता शरयूकडे पाहिले.

काहीच झाले नाही. सात सेकंद, आठ. डबा स्वतःची मेमरी तपासत होता. मग त्याच्या दिव्याचा उजेड तिच्या गालावर पडला. तो हिरवा होता.

"हॅलो," शरयू म्हणाली. "किती वेळ होल्डवर ठेवायचं माणसाला?"

मुबारक मोठ्याने हसला आणि लगेच पाठ फिरवून डोळे पुसू लागला. ऋजुता आईच्या हातावर कपाळ टेकवून राहिली.

"ऋजू, उठ. हात दुखतो. मला तो अजून दुखतो, बरं का." मग ती माझ्याकडे वळली. "आणि अहो, माझं वाक्य राहिलं होतं. तुम्ही त्या दिवशी कुंकू फार ओलं केलं होतंत. मी तेव्हाच म्हणाले होते, ओघळतंय. तुम्ही स्तोत्र म्हणत होतात."

"ऐकू आले नाही."

"डब्याकडे बघत होतात ना. माझ्याकडे बघितलं असतंत तर ऐकू आलं असतं."

मी मान खाली घातली. बाहेरच्या धुक्यातून दूधवाल्याची घंटी ऐकू आली. डबा चालूच होता.

"पुढच्या वर्षी पूजा सोडू नका हं," ती म्हणाली. "वडिलांची रीत आहे तुमच्या. पण हळदीकुंकू डब्याला नको. मला लावा."

खंडेनवमी, २०४४. सकाळचे सहा वाजून बारा मिनिटे. ओलावा अठ्ठ्याऐंशी टक्के. कुंकू कोरडे, कपाळावर. वहीत नोंद केली. पडद्यावरील आकडा : ४९.